फोल्डिंग सायकल

फोल्डिंग सायकल किंवा घडीची सायकल म्हणजे सांगाड्यातील बिजागऱ्या, खटके आणि सरकते दांडे यांच्या साहाय्याने दुमडून लहान आकारात आणता येणारी सायकल होय. घरी कमी जागेत ठेवण्यासाठी आणि मोटारीच्या डिकीत नेण्यासाठी तिचा उपयोग होतो. मात्र तिचे खरे प्रयोजन मिश्र प्रवासाचे आहे. घरापासून थांब्यापर्यंत सायकल, मधला लांबचा टप्पा रेल्वे, बस किंवा मेट्रो आणि उतरल्यावर पुन्हा तीच सायकल, अशा प्रवासासाठी ती घडवली गेली. म्हणून तिचे मूल्यमापन करताना चालवण्यातील सुखाबरोबरच घडी घातल्यावरचा आकार, वजन आणि ज्या वाहनातून ती न्यायची त्याचे सामानविषयक नियम हेही पाहावे लागतात.

रचना

बहुतेक फोल्डिंग सायकलींना १६ ते २० इंचांची चाके असतात. घडी घालण्याच्या तीन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत मुख्य नळीच्या मध्यभागी बिजागरी असून पुढचे चाक वळून मागच्या चाकाशेजारी येते. बाजारातील बहुसंख्य सायकली या प्रकारच्या आहेत. दुसऱ्या पद्धतीत आधी मागचे चाक सांगाड्याखाली सरकते आणि मग पुढचा भाग बाजूला दुमडतो. यामुळे तेलकट साखळी दोन्ही चाकांच्या मध्ये झाकली जाते व शेजारच्या प्रवाशाचे कपडे खराब होत नाहीत. तिसऱ्या पद्धतीत त्रिकोणी सांगाडा मिटून काठीसारखा उभा आकार तयार होतो. अशी सायकल जागा कमी व्यापते, पण तिची उंची कमी होत नाही.

लहान चाकाच्या एका फेऱ्यात कमी अंतर कापले जाते. भारतात रूढ असलेल्या २८ इंची साध्या सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर पुढे जाते. २० इंची चाक सुमारे १.५ मीटर, तर १६ इंची चाक सुमारे १.३ मीटर जाते. ही उणीव पायडलजवळील दातेरी चक्र मोठे ठेवून भरून काढली जाते. त्यामुळे ‘लहान चाक म्हणजे जास्त पायडल मारावे लागणार’ हा सर्वसाधारण समज योग्य गिअर असलेल्या सायकलीच्या बाबतीत खरा ठरत नाही. खड्ड्यांची गोष्ट वेगळी आहे. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, धक्का सरळ हातापर्यंत पोहोचतो आणि ओल्या रस्त्यावरील खडी किंवा रुळांच्या फटीत ते लवकर अडखळते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सैन्यांना पाठीवर टाकून नेता येईल अशा सायकलीची गरज वाटू लागली. फ्रान्समध्ये आंरी जेरार या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी घडीची सायकल १८९० च्या दशकात तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात बीएसए या ब्रिटिश कंपनीने हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी दुमडणारी सायकल मोठ्या संख्येने बनवली. या सायकलींना नेहमीएवढी मोठी चाके होती. घडी घातल्यावर त्यांची लांबी कमी होई, पण त्या आगगाडीच्या डब्यात सहज मावण्याजोग्या नव्हत्या.

लहान चाकांना प्रतिष्ठा मिळाली ती १९६२ मध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन या ब्रिटिश अभियंत्याने आणलेल्या सायकलीमुळे. ती मूळ स्वरूपात दुमडणारी नव्हती. पण जास्त हवेचा दाब असलेले टायर आणि धक्के शोषणारी यंत्रणा असल्यास लहान चाकेही वेगाने व सुखाने धावू शकतात, हे तिने दाखवून दिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी हॅरी बिकर्टन यांची अ‍ॅल्युमिनियमची हलकी फोल्डिंग सायकल बाजारात आली. तिच्यात सुधारणा करता येईल असे वाटल्याने लंडनमधील अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात आपल्या राहत्या जागेतच स्वतःचा नमुना तयार केला. त्यातून ब्रॉम्प्टन ही सायकल घडली. प्रस्थापित उत्पादकांनी तिच्यात फारसा रस न घेतल्याने तिचे नियमित उत्पादन सुरू होण्यास १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. १९८२ मध्ये डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेत दाहोन कंपनी स्थापन केली. मध्यभागी बिजागरी असलेली २० इंची सायकल जगभर पसरवण्यात तिचा वाटा मोठा आहे. मार्क सँडर्स यांची त्रिकोणी स्ट्रायडा १९८७ मध्ये आली. तिच्यात साखळीऐवजी पट्टा वापरला आहे.

निवडीचे निकष

आकार व वजन. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत वजन ठळक छापलेले असते, घडीची मापे मात्र शोधावी लागतात. १६ इंची ब्रॉम्प्टनची घडी सुमारे ५८.५ × ५६.५ × २७ सेंटिमीटर इतकी होते. मध्यभागी बिजागरी असलेल्या २० इंची सायकलीची घडी साधारण ८० × ६५ × ३० सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी मोठी असते. चाकांतील चार इंचांच्या फरकामुळे घडीचे घनफळ जवळजवळ दुप्पट होते. वजन साधारणतः ११ ते १५ किलो असते. टायटॅनियम वापरलेल्या महाग सायकली याहून हलक्या असतात. १४ किलोची सायकल दुकानात एकदा उचलून पाहणे सोपे असते. रेल्वे स्थानकाचा पादचारी पूल तीच सायकल हातात घेऊन रोज दोनदा चढणे हा अगदी निराळा अनुभव आहे. म्हणून ज्या सायकली घडी घातलेल्या अवस्थेतही छोट्या चाकांवर किंवा स्वतःच्या चाकांवर ढकलत नेता येतात, त्या रोजच्या प्रवाशाला अधिक सोयीच्या ठरतात.

टायर आणि दुरुस्ती. महानगराबाहेरील खरेदीदारासाठी हा निकष कदाचित सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेकदा दुर्लक्षित राहतो. टायरवर लिहिलेले इंच रिमचे नेमके माप सांगत नाहीत. लहान मुलांच्या १६ इंची सायकलीचे टायर सामान्यतः ३०५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतात, तर ब्रॉम्प्टनसारख्या सायकलीची १६ इंची रिम ३४९ मिलिमीटरची असते. दोन्हींवर ‘१६’ हा आकडा असला तरी एकीचा टायर दुसरीला चालत नाही. २० इंची फोल्डिंग सायकलींत ४०६ मिलिमीटरची रिम सर्वाधिक आढळते, आणि मुलांच्या २० इंची सायकलींतही हेच माप रूढ असल्याने टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळू शकते. टायरच्या कडेला कोरलेले हे तीन अंकी माप खरेदीपूर्वी वाचून ठेवावे लागते.

व्हॉल्व्हच्या बाबतीतही असेच आहे. साध्या भारतीय सायकलीच्या ट्यूबला डनलॉप पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. फोल्डिंग सायकलींना बहुधा मोटारसायकलीसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. काही महाग सायकलींत बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. त्यासाठी स्वतःचा पंप किंवा जोडतुकडा जवळ बाळगावा लागतो.

बिजागरी व खटके. घडीच्या सायकलीतील सर्व ताण मुख्य बिजागरीवर आणि हँडलच्या दांड्याच्या सांध्यावर येतो. खटका लावल्यावर सांध्यात फट किंवा हालचाल जाणवता कामा नये, आणि चुकून खटका उघडू नये म्हणून दुसरी सुरक्षा कळ असावी. चालवण्यापूर्वी दर वेळी हे दोन्ही खटके हाताने तपासणे आवश्यक असते, कारण चालत्या सायकलीत हँडलचा सांधा सुटल्यास तोल सावरण्यास वेळ मिळत नाही. पावसाळ्यात बिजागरीत चिखल व पाणी साचते. ती पुसून वंगण न दिल्यास घडी घालणे जड होत जाते आणि अखेरीस मालक घडी घालणेच सोडून देतो.

बैठक. फोल्डिंग सायकली बहुधा एकाच मापात येतात व सीटचा लांब दांडा वरखाली करून त्या वेगवेगळ्या उंचीच्या व्यक्तींना वापरता येतात. उत्पादकाने ठरवलेली वजनमर्यादा आणि सीटच्या दांड्यावरील कमाल उंचीची खूण या दोन्ही पाळाव्या लागतात. मुख्य नळी खाली असल्याने साडी किंवा सलवार नेसून बसणे सोपे जाते. या दृष्टीने ती भारतातील ‘लेडीज सायकली’च्या जवळची आहे.

सार्वजनिक वाहनांतील नियम

भारतीय रेल्वे. प्रत्येक प्रवाशाला वर्गानुसार काही वजनाचे सामान विनाशुल्क नेता येते. शयनयान वर्गात ही मर्यादा ४० किलो आणि द्वितीय वर्गात ३५ किलो आहे. फोल्डिंग सायकल वजनाने या मर्यादेत सहज बसते. तथापि स्कूटर, सायकल यांसारख्या वस्तूंना विनाशुल्क सामानाची सवलत लागू नाही, असे रेल्वेच्या नियमांत नमूद आहे. साधी सायकल पावती करून ब्रेक व्हॅनमधून पाठवावी लागते. शिवाय डब्यात नेण्याच्या पेट्यांसाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही कमाल मापे दिलेली आहेत, आणि वातानुकूलित तृतीय श्रेणी व चेअर कारसाठी ती ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर इतकी लहान आहेत. वर दिलेली मापे यांच्याशी ताडून पाहिल्यास ब्रॉम्प्टनची घडीही जाडीत दोन सेंटिमीटरने मोठी ठरते. परिणामी सायकल पिशवीत झाकून आसनाखाली किंवा दाराजवळ ठेवली की प्रवास निभतो का, हे गर्दीवर आणि तपासनिसाच्या समजावर अवलंबून राहते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत मालडबा असल्याने अवजड सामानाला निदान ठरलेली जागा आहे. अन्य गाड्यांतील सर्वसाधारण डब्यात तशी सोय नसते.

मेट्रो. मेट्रो सेवांनी सायकलीबाबत एकसारखे धोरण स्वीकारलेले नाही. नागपूर मेट्रोने प्रवाशांना डब्यात सायकल नेण्यास परवानगी दिली असून ती केवळ फोल्डिंग सायकलीपुरती मर्यादित नाही. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोनेही डब्यात सायकलीला मुभा दिली, आणि त्याच वर्षी अंशतः सुरू झालेल्या मुंबईच्या २अ व ७ या मार्गिकांवर गाड्यांत सायकलींसाठी जागा ठेवण्यात आली. याउलट बेंगळुरूच्या नम्म मेट्रोने २०२० मध्ये केवळ घडीच्या सायकलीला परवानगी देताना ६० × ४५ × २५ सेंटिमीटर आकार व १५ किलो वजन अशी मर्यादा घातली. ही मर्यादा अक्षरशः पाळायची तर सर्वांत लहान घडी होणाऱ्या सायकलींपैकी एक मानली जाणारी ब्रॉम्प्टनसुद्धा तिच्यात बसत नाही. सिंगापूरमध्ये रेल्वे व बससाठी हीच मर्यादा १२० × ७० × ४० सेंटिमीटर आहे आणि तिच्यात २० इंची सायकलीही मावतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत साध्या सायकलींवर गर्दीच्या वेळी बंदी असते. पूर्ण घडी घातलेली सायकल मात्र दिवसभर नेता येते.

एसटी. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या जुन्या लाल गाड्यांना मागे शिडी व टपावर कठडा असे. धान्याची पोती, कोंबड्यांच्या पाट्या आणि सायकली तेथे चढवल्या जात आणि वाहक त्यांचे सामानाचे तिकीट फाडत असे. नव्या बांधणीच्या गाड्यांत टपाची जागा बाजूच्या किंवा मागच्या डिकीने घेतली. डिकीत साधी सायकल आडवी घालणे कठीण असते, घडी घातलेली सायकल मात्र पिशवीत घालून ठेवता येते. ठरावीक वजनापलीकडील सामानाला वेगळे भाडे पडते. प्रवाशांनी भरलेल्या साध्या गाडीत आसनांमधील वाट अडवणारे सामान आत घेण्यास वाहक नकार देऊ शकतो, आणि गर्दीच्या वेळी तो नकार अवाजवी म्हणता येत नाही.

उदाहरण : शहापूर ते नागपूर

घडीच्या सायकलीची उपयुक्तता प्रवासातील सर्वांत अडचणीच्या टप्प्यावर ठरते. भंडारा जिल्ह्यातील शहापूर हे गाव याचे बोलके उदाहरण आहे. ठाणे जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याच्या गावाशी त्याची गल्लत होऊ नये. त्या शहापूरला आसनगावच्या उपनगरी स्थानकाचा लाभ मिळतो. भंडाऱ्याचे शहापूर पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, भंडारा व नागपूर यांच्या दरम्यान वसले आहे. येथे अभियांत्रिकी महाविद्यालय असून जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना जवळच आहे. त्यामुळे विद्यार्थी आणि कामगार यांची या रस्त्यावर रोजची ये-जा असते.

शहापूरला रेल्वे स्थानक नाही. भंडाऱ्यासाठीचे भंडारा रोड स्थानक वरठी येथे, भंडारा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, मुंबई–हावडा लोहमार्गावर आहे. नागपूर पश्चिमेला असताना शहापूरच्या प्रवाशाला रेल्वेसाठी आधी पूर्वेकडे भंडाऱ्याला आणि तेथून वरठीला जावे लागते. हे अंतर सायकलीने कापणे अशक्य नाही, पण महामार्गावरील जड वाहतूक आणि मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपासचे तापमान यांमुळे ते रोज झेपणारे नाही. म्हणून येथील स्वाभाविक मार्ग महामार्गावरून जाणाऱ्या एसटीचा आहे.

एसटी पारडीमार्गे नागपुरात शिरते. तेथे मेट्रोच्या ‘अ‍ॅक्वा’ मार्गिकेचे पूर्वेकडील टोक, प्रजापती नगर स्थानक आहे. मार्गिकेचा हा पूर्व भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. येथून मेट्रोने सीताबर्डीला येऊन गाडी बदलता येते किंवा तशीच पुढे लोकमान्य नगरपर्यंत जाता येते. मेट्रोत न दुमडलेली सायकलही चालते, तेव्हा या टप्प्यासाठी घडीची गरजच नाही. गरज आहे ती एसटीच्या लांब टप्प्यासाठी, आणि नेमका तोच टप्पा सायकलीबाबत सर्वांत अनिश्चित आहे. ज्याला रोज सकाळी गर्दीच्या साध्या गाडीत चढायचे आहे, त्याने २० इंची सायकल घेतल्यास टायर गावात मिळेल, पण घडी आसनापाशी मावणार नाही. १६ इंची घेतल्यास घडी मावेल, पण टायर नागपूर किंवा त्याहून लांबून मागवावा लागेल. आठवड्यातून एकदा, सोमवारी जाऊन शनिवारी परतणाऱ्या विद्यार्थ्याचे गणित वेगळे आहे. त्याला गर्दी टाळून गाडी निवडता येते, डिकी वापरता येते आणि वसतिगृहाच्या खोलीत खाटेखाली सायकल ठेवून शहरात आठवडाभर ती चालवता येते. अशा प्रवाशाला २० इंची सायकल अधिक उपयोगी पडते.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात प्रजापती नगरपासून भंडारा रस्त्याने कापसीजवळील ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत विस्तार मंजूर झाला आहे. तो पूर्ण झाल्यावर एसटीचा टप्पा काही किलोमीटरने आखूड होईल, परंतु संपणार नाही.

दोन सायकलींची पद्धत

महाराष्ट्रात मिश्र प्रवासाची जुनी रीत घडीच्या सायकलीची नाही. गावातून थांब्यापर्यंत सायकलने यायचे, ती स्टँडवर किंवा ओळखीच्या दुकानापाशी कुलूप लावून ठेवायची आणि पुढे एसटी किंवा पॅसेंजर धरायची, अशी ती रीत आहे. ज्यांना पलीकडच्या टोकालाही सायकल हवी, ते तेथे दुसरी जुनी सायकल ठेवतात. मुंबईचे डबेवाले मोठ्या प्रमाणावर याच तत्त्वावर काम करतात. घरोघरचे डबे सायकलीने स्थानकावर येतात, लोकलच्या मालडब्यातून पुढे जातात आणि उतरल्यावर दुसऱ्या सायकलीने किंवा हातगाडीने कार्यालयांत पोहोचतात. सायकल मात्र गाडीत चढत नाही.

दोन जुन्या साध्या सायकलींची किंमत बहुधा एका चांगल्या फोल्डिंग सायकलीपेक्षा कमी भरते आणि त्यांची दुरुस्ती कोणत्याही गावात होते. चोरीचा धोका, पावसात गंजणे आणि दोन ठिकाणी जागा लागणे या तिच्या उणिवा आहेत. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातही मागास तालुक्यांतील मुलींसाठी सायकल आणि बस यांची अशीच विभागणी आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल दिली जाते, तर त्यापलीकडील मुलींसाठी निळ्या रंगाच्या एसटी गाड्या चालवल्या जातात. एकाच प्रवासात दोन्ही साधने जोडण्याचा विचार त्यात नाही, आणि थांब्यावर सायकल सुरक्षित ठेवण्याची सोय बहुतेक गावांत अजूनही शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याच्या भरवशावर चालते.